कडबोळीवर ढकललेलं फिलिंग

मी मुळात कमी बोलणारा. समोरच्याच्या तोंडात आपले हात असले की बोलावं लागतही नाही. दंतवैद्याच्या या सोयीचा मी पाच वर्षं फायदा घेतला.

वारज्यातल्या माझ्या दवाखान्यात गणिताच्या एक निवृत्त बाई येतात. त्यांच्या अगदी मागच्या दाढेत मी फिलिंग भरलं. तिथे फिलिंग घट्ट करणाऱ्या दिव्याचा उजेड धड पोचेना, म्हणून दोन पेस्ट कालवून आपोआप घट्ट होणारं मटेरियल घेतलं आणि ते चिकटायला खाली नव्या, एकाच बाटलीतल्या बाँडचा थर. महिन्याभरात फिलिंग बाईंच्या हातात.

"काय खाल्लंत?"

"कडबोळी," बाई ओशाळल्या.

"मग बरोबर!"

दुसऱ्यांदा पडलं ते वरणभात खाताना. तेव्हा कुठे मी बाटलीबरोबरचा कागद उलगडला. हा बाँड फक्त दिव्याने घट्ट होणाऱ्या मटेरियलखाली चालतो. त्यातलं आम्ल माझ्या पेस्टला घट्टच होऊ देत नव्हतं. तिसऱ्यांदा योग्य बाँड लावला. फिलिंग टिकलं. मी गप्प.

बाईंनी मात्र कडबोळी सोडली. वर दर दिवाळीला मला डबा. "तुम्ही खा, डॉक्टर. आमचं सुटलं."

परवा त्या दुसऱ्या बाजूची दाढ घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच उघडलं. सगळं सांगून टाकलं. आता या उठून जाणार, आणि यांच्यामागून अर्धी सोसायटी!

"म्हणजे पाच दिवाळ्या मी नुसता वास घेतला?"

"हो."

"आणि आपण खाल्लीत?"

"सगळी."

"कशी झाली होती?"

"पहिल्या वर्षी मीठ कमी होतं."

निघूनच गेलं तोंडातून! खरं बोलायची सवय नसली की असं होतं. बाई आधी खुर्चीत ताठ झाल्या, मग अशा हसल्या की गळ्यातला नॅपकिन उडाला. मीही स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. अंगातून कुणी दगड उपसून काढल्यासारखं हलकं वाटत होतं.

"चुकलेलं गणित मी मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यायचे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "बोला. आज काय लावणार, त्यावर काय भरणार, आणि का?"

मी उभा राहिलो. हात मागे बांधून, न अडखळता सांगितलं.

"उत्तर उशिरा दिलंत, म्हणून निम्मे मार्क," बाई म्हणाल्या, आणि मान मागे टाकून त्यांनी आ केला.