गुत्त्यात जेवण नसतं

राजुऱ्यात आमच्या गल्लीत ज्याचं काही बिघडतं तो वारलूला बोलावतो. कुलरच्या गवताच्या ताट्या, छपराचे कवेलू, नळ, फुगलेलं दार, सगळं तोच करतो. पण खिळा ठोकण्याआधी खिळ्याकडे बघत बसतो. मला सावकाशीचा तिटकारा आहे. दुसरा माणूस मिळत नाही, म्हणून मी त्याला सोसते आणि तो मला.

साठीचा असेल. त्याची बायको, सुकरी, देवाघरी गेली. मुलगा निकेश हैदराबादला इमारतींच्या कामावर गेला तो तिथलाच झाला. वारलू संध्याकाळी एकदाच भात टाकतो आणि उरलेला सकाळी खातो. हे मला शेजारच्या रीताने सांगितलं. तो स्वतःबद्दल बोलत नाही. रोजीवर आलेल्या माणसाला दुपारी घरचं जेवण द्यायचं, ही इकडची रीत. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसतो, मी खुर्चीवर. वरणात मीठ कमी असलं तर तेवढं सांगतो. हे गेल्यापासून मीठ कमी आहे म्हणणारं या घरात दुसरं कोणी नाही.

यंदा होळी झाल्यावर पुण्याहून नंदिनीचा, माझ्या मुलीचा, फोन आला.

"आई, कुलर आणि कवेलूला चार-चार दिवस? तो तुला गंडवतोय."

"वय झालंय त्याचं."

"मग रोजी बंद कर. अख्ख्या कामाचे पैसे ठरवून दे. त्यालाही जास्त मिळतील."

म्हणजे आमच्याकडे ज्याला गुत्ता म्हणतात तो. मला पटलं. शिवाय त्याची रोजी मी किती वर्षांत वाढवली नव्हती, ते आठवून लाजही वाटली. म्हटलं, एकदा नीट देऊन टाकावं.

"वारलू, यंदा गुत्त्यानं कर," असं म्हणून मी आकडा सांगितला. त्याच्या नेहमीच्या रोजीपेक्षा बराच वर होता.

खिळ्याकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "रोजीच राहू द्या ना बाई."

"काऊन? पैसे जास्तीचे टोचतात?"

"तसं नाई."

"मग कसं ते तरी सांग."

"तुमी म्हणता तं गुत्ता," म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो छपरावर होता. हाच का तो माणूस, असं वाटावं इतका हात भरभर चालत होता. मी दोघांचा भात टाकला. दुपारी त्याने बाहेरच्या नळावर हात धुतले, सायकलचा डबा काढला आणि कडुनिंबाखाली घराकडे पाठ करून बसला.

"वारलू, ताट वाढलंय."

"गुत्त्यात जेवन नसते बाई."

"नसू दे. ये."

"कामाचे पुरे पैसे ठरले, मंग जेवन कायचं?"

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. पैसे कपाळाला लावून तो निघून गेला.

आणि मग काही बिघडेचना. कुलर गार वारा देतो, नळ टिपूस सोडत नाही, दार आवाज न करता लागतं. उन्हाळा चढला. सकाळी दहालाच गल्ली ओस पडायला लागली. मी लहान पातेल्यात मूठभर भात करायचे आणि उभ्यानेच खाऊन घ्यायचे. बसून खायला वेळ लागतो, आणि तो घालवायचा कुणासोबत? कुलरची घरघर ऐकत दुपारी पडून राहायचे.

एकदा रीता कुंपणापाशी म्हणाली, "तुमचं पाहून आता सारेच त्याले गुत्त्यानं देऊन राह्यले बाई. वारलू बडा माणूस झाला."

"मग जेवतो कुठे?"

"मले काय मालूम? डबा असते ना त्याचा."

डब्यात रात्रीचाच भात असणार, हे मला ठाऊक होतं. त्याचं भलं करायला निघाले आणि गल्लीभरातून त्याचं ताट उठवलं.

घरात येऊन मी त्याला फोन लावला. "उद्या ये. रोजीनं."

"काय बिघडलं बाई?"

"काही नाही. माळ्यावरचे डबे उतरवायचेत. आणि रोजी आता मिस्त्रीच्या बरोबरीची. वर जेवण."

"मिस्त्रीले जेवन कोन देते? दोन्ही घेतलं तं मी कोन झालो?"

मी म्हटलं, "रोजी कामाची. जेवण त्यात धरायचंच नाही. भात माझा, भाजी तुझी. भाजी आणली नाहीस तर कोरडा भात खाऊ दोघं."

त्याने सरळ भाजीचंच विचारलं.

"कुड्याचे फुलं चालतीन?"

"चालतील."

सकाळी तो दुपट्ट्यात फुलं बांधून आला. एकेक डबा उतरवला, पुसला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं. मी घाई केली नाही. दुपारी उंबऱ्याशी बसून त्याने वरणाचा पहिला घास घेतला.

"मीठ जास्त झालं बाई."

"दोघांच्या वरणाचा अंदाज सुटलाय. खा आता तसंच."

त्याने खाल्लं. हात धुऊन तो माळ्याकडे बघत उभा राहिला.

"डबे वर ठेवू?"

"आज नको," मी म्हटलं. "उद्या ठेव."