दादाला विचारणारी माणसं

उमरग्याच्या अलीकडं, जुन्या हायवेला लागून आमचं हॉटेल होतं. वडिलांच्या मागं थोरल्या भावानं, दादानं, ते सांभाळलं. शेजारी आमच्याच जागेत चाचांचं पंक्चरचं दुकान. आम्ही लिंगायत, चाचा मुसलमान. ट्रकवाला टायर चाचांकडं टाकायचा आणि तोवर आमच्याकडं जेवायचा. मी लोहाऱ्याला शाळेत शिकवते. रविवारी जीपनं माहेरी आले की घरात जायच्या आधी चाचांच्या बाकड्यावर टेकायची.

मग नवा रस्ता झाला आणि आमच्या फाट्याला वळसा घालून गेला. ट्रक लांबून पळताना दिसायचे, पण इकडं वळायला वाटच राहिली नाही. दादानं आधी आचारी कमी केला, मग तंदूर विझवला. वडिलांनी ज्या पुढाऱ्यासाठी उभा जन्म प्रचाराच्या भिंती रंगवल्या, त्याच्याकडं दादा नव्या रस्त्यापर्यंत जोडरस्ता मागायला गेला. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसला. पुढारी मागच्या दारानं गाडीत बसून गेला होता, हे त्याला शिपायानं सांगितलं. दादा घरी येऊन म्हणाला, "मला विचारलं सुदिक न्हाय." रस्त्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

त्याच वर्षी आईला सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्त हवं होतं. दादानं पुढाऱ्याच्या माणसाला फोन लावला. "बघतो," म्हणून त्यानं ठेवला. दुसऱ्या पक्षाची पोरं मात्र न बोलावता आली. आमच्याच भागातली, भगवे रुमाल गळ्यात घातलेली. त्यांनी रक्त दिलं, डबे आणले, दादाला हाताला धरून जेवायला बसवलं. "दादा, तुम्ही एकटे न्हाय," असं त्यातला एक म्हणाला. दादा ताटावर रडला. चाचाही दोनदा येऊन गेले, कॉटपाशी बसून राहिले. पण दादाला त्यांचं येणं घरातलंच वाटलं असावं. परक्यांचं येणं त्याच्या मनात राहिलं.

आई बरी होऊन घरी आली. दादाच्या गळ्यात रुमाल आला. सभेत त्याला स्टेजवर खुर्ची मिळायची, लोक पाया पडायचे. बंद पडल्यासारखा झालेला माणूस पुन्हा दाढी करून, कडक कपडे घालून बाहेर पडायला लागला. वहिनी खूश होती. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

हळूहळू त्याच्या मोबाइलवरचे आवाज आमच्या जेवणात यायला लागले. आपले धंदे कुणी खाल्ले, आपल्या जागा कुणी बळकावल्या, असं कुणीतरी चिडून सांगत असायचं. एकदा मी विचारलं, "दादा, रस्ता चाचांनी वळवला का?"

"न्हाय."

"मग?"

त्यानं भाकरी चुरली. "कुणीतरी केलंच असंल की. आपसूक होतंय व्हय असं?"

यावर मी रस्त्याचा आराखडा, सरकारी खातं, असलं काहीबाही सांगितलं. माझ्या सांगण्यात राग धरायला माणूसच नव्हता. दादा उठून हात धुवायला गेला.

दिवाळीनंतर पक्षाच्या बैठकीत कुणीतरी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या जागेत दुकान कुणाचं हाय?" दुसऱ्या दिवशी त्यानं चाचांना जागा खाली करायला सांगितलं. मी शाळेतून तडक निघून आले. चाचा पाने-हातोड्या गोणपाटात बांधत होते.

"मी बोलते त्याच्याशी," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नको, बेटी. तुला माहेर टिकवायचंय."

तरी मी बोललेच. दादा म्हणाला, "माझा चाचावर राग न्हाय. पण मी आता मागं सरलो तर मला कोण विचारंल?"

टेम्पो आला. हवा भरायचा कॉम्प्रेसर ड्रायव्हरला आणि चाचांना उचलेना. हॉटेलच्या दारात उभा असलेला दादा पुढं आला, रुमाल मागं टाकून त्यानं खालून हात घातला. तिघांनी तो वर चढवला. चाचांनी मान हलवली. दादा नळावर जाऊन हाताचं ऑइल घासत राहिला, टेम्पो निघून गेला तरी.

पुढच्या निवडणुकीत आईला त्याच पोरांनी खुर्चीत बसवून मतदान केंद्रावर नेलं. संध्याकाळी मी तिला मत कुणाला दिलं ते विचारलं, तेव्हा तिनं लपवलं नाही. "आले त्यांस्नी दिलं," म्हणाली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "चाचाचं लई वाईट झालं." दोन्ही वाक्यं तिनं एकाच आवाजात सांगितली.

तो पक्ष निवडून आला. जोडरस्ता अजून झालेला नाही आणि दादा त्याबद्दल विचारतही नाही. चाचा बसवकल्याणला मुलीकडं राहतात, ईदला मी फोन करते. ते आईच्या तब्येतीबद्दल विचारतात, माझ्या पोरांबद्दल विचारतात. दादाचं नाव आमच्यात निघत नाही. दादा सकाळी मोटारसायकलवर पक्षाच्या कामाला जातो, दिवस मावळताना येतो, आईच्या गोळ्या न चुकता आणतो. मी गेले की आम्ही पावसाबद्दल बोलतो.