अख्खा वळणारा माणूस

ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यांना वाकावं लागतं. माझी किल्ली पडली, लोक वाकतात. चप्पल उलटी झाली, लोक वाकतात. आणि आमच्याकडचा माणूस नुसता वाकून थोडाच थांबतो! वाकता वाकता काहीतरी बोलून ठेवतो. अशाने माझ्याकडे इतके किस्से साचलेत की त्यांच्याच वजनाने माझी पाठ धरली असावी. डॉक्टर मात्र दुसरं कारण सांगतात.

आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. हे नाव नीट म्हणायला शिकेपर्यंत माझे मणके एकमेकांना चिकटायला लागले होते. सोप्या भाषेत सांगायचं तर पाठीच्या कण्याचा हळूहळू बांबू होतो. सकाळी मला उठवावं लागत नाही, उभं करावं लागतं. मग गरम पाणी, मग व्यायाम, मग कुठे माणसात येतो. मान वळत नाही. मागून हाक आली की मी अख्खा वळतो, स्टँडवर एस.टी. वळते तसा. फक्त माझ्यासाठी शिट्टी मारायला कंडक्टर नसतो.

कट्टा या आमच्या गावच्या बाजारात माझं दुकान आहे. दोरी, ताडपत्री, कोयते, फावडी. खालच्या फळीवरचा माल गिऱ्हाइकाने स्वतः वाकून घ्यायचा, असा आमच्याकडे नियमच आहे!

*

पाठ नवीन नवीन धरली होती तेव्हाची गोष्ट. देवळात गाऱ्हाणं चाललेलं. गावकऱ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि सगळे हात जोडून वाकले. मी उभाच. ताठ.

एक मानकरी तापले. "वाकूक काय होता रे तुका? देवापेक्षा मोठो झालंस?"

मी काही बोलायच्या आत बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. "तुमी सगळे वाकान जमीन बघतास. देवाक बघणारो हय माझो झील एकलोच आसा!"

तेव्हापासून देवळात मला कोणी वाकायला सांगत नाही. उलट एक-दोघे माझ्याकडे बघून ताठ उभे राहायला लागले होते, पण त्यांना अशी आई नव्हती.

*

या आईने मला जन्म दिलेला नाही. हे कट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही कळायला लागल्यापासून माहीत आहे. आई सांगायची ते अगदी सरळ होतं. "तुझी आवस बाळंतपणात गेली. शिरोड्याकडची होती. मधल्या माणसान तुका हाडून माझ्या वटीत घातल्यान." एवढंच. तिच्याकडे यापेक्षा जास्त माहिती नव्हती आणि मधला माणूसही लवकर वारला.

आता एवढ्याशा माहितीवर माझ्यासारख्या माणसाचं कसं भागायचं? मी शाळेत सांगायचो, माझा बाप गलबतावरचा कप्तान होता. कॉलेजात सांगायचो, पोर्तुगीज होता. लग्नाच्या वेळी बायकोला सांगितलं, "धामापूरच्या तळ्यात फुलांची परडी सोडली की पूर्वी देवी दागिने द्यायची ना? आईनेही परडी सोडली. दागिने संपले होते, म्हणून मी आलो."

बायको म्हणाली, "परत नाय सोडता येत?"

आई या सगळ्या थापा ऐकायची आणि हसायची. तिला एकच थाप सहन व्हायची नाही. मी जर म्हटलं, "माझी पाठ जन्मापासूनच अशी," तर ती उठून आत जायची.

*

का जायची, ते गोव्याच्या डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी कळलं. इकडचे सगळे लेप, काढे, पट्टे करून झाले होते. मोठे डॉक्टर, मोठं हॉस्पिटल. त्यांनी माझे फोटो काचेवर लावले आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला पाठीचा त्रास आहे?"

"माका आसा!" आई.

डॉक्टर खूश. "तुम्हाला? कधीपासून? सकाळी जास्त दुखते का?"

"भात लावन इलंय काय सांजच्याक दुखता."

मी डॉक्टरांना हळूच सांगितलं की मी दत्तक आहे, आईच्या पाठीचा इथे उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो, म्हणून विचारलं. मूळ घराची काही माहिती?" माझ्याकडे कप्तान होता, पोर्तुगीज होता, तळ्यातली देवी होती. कामाचं कोणीच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "कशाला मध्ये बोललीस?"

"तो इचारी होतो, घरात कोणाक आसा. मी घरातली नाय?"

मी गाडीकडे चालायला लागलो. मग गाडीत बसल्यावर, सरहद्दीवरचं बांदा मागे पडल्यावर, ती खिडकीबाहेर बघत आपणहून बोलायला लागली. मला तिने न्हाऊमाखू घातलं, ते सगळं एकटीने. न्हाणवायला येणारी बाई तिने ठेवलीच नाही. परक्या हातात पोर दिलं तर परत घेऊन जातील, अशी भीती! तिला कोणी शिकवलं नव्हतं. लोकांचं बघून बघून खोबरेल तेलाने चोळायची, पाय ओढायची, पाठीवरून अंगठे फिरवायची. पुढे कॉलेज संपता संपता माझी पाठ धरली. तेव्हा आमच्याच घरी, सत्यनारायणाच्या पूजेला, एका नातेवाईक बाईने प्रसाद खाता खाता म्हटलं, "जिका पोर झाला नाय, तिका पोर चोळूक खंय येतला!"

त्या दिवसापासून आईने माझ्या पाठीला हात लावला नव्हता. मला आठवलं, खरंच नव्हता. डोक्यावर लावायची, गालावर लावायची. ताप आला की कपाळावर लावायची. पाठीला नाही. मला वाटायचं, मला दुखेल म्हणून.

"अगो, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? हे रक्तातून येतं."

"रगात कोणी बघूक नाय," आई म्हणाली. "माझे हात सगळ्यांनी बघितल्यानी."

*

डॉक्टरांचं पटलं नाही म्हणून आईने वरचं कोर्ट गाठलं. गावच्या देवीला कौल लावला!

गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर लावल्या. आईनेच प्रश्न घालून दिला होता. चोळताना आपली चूक झाली असेल तर उजवी पाकळी पडू दे, नसेल तर डावी. गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागला. आम्ही बसलो. म्हणजे आई बसली, मी खांबाला टेकून उभा.

पाकळी पडेना. उजवी पडेना, डावी पडेना. गुरवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. ऊन गाभाऱ्यातून सरकून बाहेर आलं. गुरवाच्या पोटात कावळे ओरडायला लागले ते मला खांबापर्यंत ऐकू येत होते.

मी म्हटलं, "जरा फॅन लावून बघूया?"

गुरव भडकला. "फॅन लावन पडलो तर तो फॅनाचो कौल!"

शेवटी आईच उठली. घरी येताना मी तिची समजूत घातली. "देवीने काही सांगितलं नाही म्हणजे तिला तुला दुखवायचं नव्हतं."

आई वाटेतच थांबली. "म्हणजे चूक आसा!"

माझी थाप पहिल्यांदाच माझ्यावर उलटली, ती अशी.

*

मग बरीच वर्षं गेली. इंजेक्शनं आली, ती मानवली, मी दुकानात उभा राहायला लागलो. वाईट दिवस यायचे. एखाद्या दिवशी याच आजाराने डोळा लाल व्हायचा, एखाद्या दिवशी शिंक आली तरी बरगड्या सुटतील असं वाटायचं. आई दारातून विचारायची, "शेक दिवक सांगू तिका?" तिका म्हणजे माझ्या बायकोला. पिशवीत गरम पाणी आई भरणार, पाठीवर ठेवणार बायको.

गेल्या वर्षी, बाजाराच्या दिवशी, मी दुकानात पाठमोरा उभा राहून दोरी मोजत होतो. मागून पाठीत एक सणसणीत धपाटा बसला!

"रे मेल्या सगुण्या! थय बायल तुझी वाट बघता आणि तू हय दुकान घालून बसलंस?"

मी अख्खा वळलो. समोर एक उंच म्हातारी, हातात नारळाच्या रोपांची पिशवी. तिचा चेहरा एकदम उतरला.

"अगे बाय माझे! चुकला. तुमी सगुण नाय."

"कोण सगुण?"

"आमच्या शिरोड्याचो. माडाची बाग आसा त्येची." तिने मला खालून वर पाहिलं. "जरा परत फिरून दाखयशात?"

भर बाजारात मी तिला एक चक्कर मारून दाखवली. बाजूचा भाजीवाला हातातलं वजन टाकायचं विसरला. म्हातारी मान हलवत म्हणाली, "तोंड त्येचा नाय. पण पाठ त्येचीच!"

*

शिरोड्याला मी एकटाच गेलो. आईला म्हटलं, मालाची चौकशी करायची आहे.

सगुण अंगणात उभा होता. माझ्यापेक्षा मोठा, काळा, केस पांढरे. मी फाटकातून हाक मारली आणि तो अख्खा वळला. मला वाटलं, आरसा उशिरा उत्तर देतोय.

मी कोण, ते मला सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "इलंस?" आणि पुढे आला. आम्ही मिठी मारली. दोन दारं वाऱ्याने एकमेकांवर आपटावीत तशी! कुणालाच वाकता येईना, मान बाजूला करता येईना. कपाळावर कपाळ आदळलं.

त्याला माझ्याबद्दल पहिल्यापासून माहीत होतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "कट्ट्याक तुझो भाव आसा. पण त्या दारात जाव नको. त्यांचा पोर आसा ता." बाबांची पाठ अशीच होती. आज्याचीही. गावात त्यांच्या घराला 'ताठ्यांचं घर' म्हणायचे.

"म्हणजे तू कधीच आला नाहीस?"

सगुण ओशाळला. "दुकानात येवन गेलंय मा एकदा. दारात नाय, दुकानात. खालच्या फळीवरचो कोयतो मागितलंय."

"का?"

"तुका वाकूक येता काय ता बघूक."

"मग?"

"तू म्हणालंस, तुमीच घेवा. माका तरी खंय वाकूक येता? तसोच परत इलंय!"

*

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. भाऊ भेटला. त्याची पाठ माझ्यासारखी. बापाची तशी, आज्याची तशी. तुझ्या हातांचा काही संबंध नाही.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कप्तान झालो, पोर्तुगीज झालो, आता भाव हाडलंस."

"खरं सांगतोय!"

"माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस. माका कळता, बाबू." आणि माझ्या गालावरून हात फिरवून तांदूळ निवडायला बसली.

आयुष्यभर थापा मारल्या, सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो तर हे! आत जाऊन मी सगुणला फोन लावला. तो म्हणाला, "बाबान दारात जाव नको सांगल्यान हा." मी म्हटलं, "आता त्या दारातलाच माणूस बोलावतोय."

*

सगुण आला तेव्हा आई ओटीवर होती. फाटकापासून पायरीपर्यंत तो चालत आला आणि आई त्याला बघत राहिली. तो पायरी चढताना मी चढतो तसा बाजूने चढला.

"पाठमोरो हो," आई म्हणाली.

तो झाला. अख्खा.

"शर्ट काढ."

सगुणने माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण मी त्याच्या बाजूला होतो, त्यामुळे जमलं नाही. त्याने शर्ट काढला. आई उठून जवळ गेली. मानेखालच्या मणक्यावर अंगठा ठेवला आणि एकेक मणका चाचपत खाली आली. मध्ये एका जागी थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"तुका न्हाणयल्यान कोणी?"

"आयेन. माझ्या वक्ताक आये जिती होती मा."

"चोळी बरा?"

सगुण हसला. "काय इचारतास! अख्ख्या वाड्यात तिच्यासारखो हात कोणाचो नाय होतो. लोका आपली पोरां चोळूक तिच्याकडे घेवन येयत. अजून नाव काढतत."

आईचा अंगठा त्याच्या पाठीवर तसाच राहिला. बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. माडावर कुठेतरी झावळी सुटून खाली पडल्याचा आवाज आला.

मग आई आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली ती खोबरेल तेलाची गरम वाटी पदराने धरून. काखेत चटई.

"आडवे होवा. दोगव."

दोन बांबू जमिनीवर आडवे करायला किती खटपट लागते, ते बायकोला विचारा! भिंत, खुर्ची, बायकोचा खांदा, सगुणचा गुडघा असं करत करत एकदाचे आम्ही शेजारी शेजारी पालथे पडलो. आई आमच्या मधोमध बसली. ऐंशीच्या पुढची बाई. तिने हातावर तेल घेतलं, हात एकमेकांवर घासले आणि माझ्यापासून सुरुवात केली.

दुखलं. खूप दुखलं! मी ओरडलो, "आई गो! हळू!"

"गप रव रे," आई म्हणाली. "माका चोळूक येता!"