यानाची सर्वसाधारण सभा

माझ्या साडभाऊंनी मला जेवढं दमवलं आहे, तेवढं पस्तीस वर्षांची नोकरी, दोन मुलींची लग्नं आणि वर्ध्याचा उन्हाळा या सगळ्यांनी मिळूनही दमवलेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "लेखी द्या जी, पुढच्या सभेत घेऊ."

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम पुलगाव. नोकरी सेवा सहकारी संस्थेत गटसचिवाची, म्हणजे चार गावांच्या सभा बोलवायच्या, ठराव लिहायचे आणि सह्या घेत हिंडायचं. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात बसावं, नातवंडं खेळवावीत. यांचा जीव मात्र अंतराळयानाच्या एका परदेशी मालिकेत अडकलेला. टीव्हीवर ती हिंदीत लागायची तेव्हापासून. आता ती मोबाईलवर येते. एवढ्या काळात तिच्यातले सहा कप्तान बदलले, तीन यानं भस्मसात झाली, साडभाऊंचा फक्त चष्म्याचा नंबर बदलला. घरात त्या मालिकेला नुसतं 'यान' म्हणतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपाळाला हात लावून सांगते, "ह्यायले बाजारातून सांबाराची जुडी आणाची आठवन राहत नाई, पन कोन्त्या ग्रहावर कोन मेलं ते सारं पाठ हाये."

एकदा आम्ही सगळे केळझरच्या गणपतीला गेलो होतो. रांगेत साडभाऊ मला समजावत होते की तिसऱ्या कप्तानाला भूतकाळात पाठवणं ही लेखकांची घोडचूक होती. मी मान हलवत होतो. मान हलवण्याचं काम मी त्यांच्याकडे अनेक वर्षं करतो आहे. तेवढ्यात पुढचा अनोळखी गृहस्थ गर्रकन वळून म्हणाला, "घोडचूक कशी जी? तो गेलाच नसता तं यान वाचलं असतं का?" झालं. दोघंही रांग सोडून बाहेर पडले. आम्ही दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन, चपला शोधून आलो तरी त्यांचं मिटलं नव्हतं. तो गृहस्थ सेलूचा कृषी केंद्रवाला निघाला. दर्शन राहिलं ते राहिलंच, पण साडभाऊ एक सभासद घेऊन परतले.

सभासद कसले, तर यानाच्या सभेचे. दर रविवारी चार वाजता साडभाऊंच्या पुढच्या खोलीत ही सभा भरते. गप्पा मारायला जमलं असं त्यांना चालत नाही. रीतसर सूचना निघते, विषयपत्रिका असते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं, त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. 'विषय क्रमांक तीन : हिरव्या ग्रहावरील युद्ध विनाकारण लांबविल्याबद्दल लेखकांचा निषेध करणे.' मी एकही भाग पाहिलेला नसताना मला अनुमोदक केलं होतं. मी कुरकुर केली तर म्हणाले, "अनुमोदकाले पाहाची गरज नसते जी. तीस वर्षं सभा घेतल्या मी. अनुमोदक कधी आयकत पन नाई."

चौथ्या सभासद नाचणगावच्या मॅडम. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, पर्समध्ये घरचं पेन ठेवणाऱ्या. खरं सांगायचं तर सभेत यान कळणारी माणसं दोनच, साडभाऊ आणि त्या. त्या बोलायला लागल्या की साडभाऊ चष्मा काढून ऐकायचे. इतर कोणासाठी त्यांनी चष्मा काढलेला मी पाहिलेला नाही, ताईसाठीसुद्धा नाही.

मागच्या वर्षी यानात आपल्याकडची एक बाई आली. यंत्रप्रमुख. इतक्या वर्षांत पहिलीच. मॅडम त्या रविवारी पेढे घेऊन आल्या होत्या. आणि चौथ्याच भागात लेखकांनी तिला मारून टाकलं. मॅडमनी निषेधाचा ठराव मांडला.

साडभाऊ म्हणाले, "तिच्या मरनानंच कप्तानाले अक्कल आली. कथेची गरज होती ते."

"कथेची गरज नेहमी आमच्याच जिवावर काऊन भागते भाऊ?" मॅडमचा आवाज चढला नव्हता. "तिले एक तरी भाग यान चालवू द्याचं होतं. बावीस वर्षं शाळेत होती मी. प्रयोगशाळेची चावी कधी मिळाली नाई. पाहुने आले का रांगोळी मात्र माह्याकडं."

कृषी केंद्रवाल्याचं म्हणणं पडलं की अंतराळात बाई-माणूस असा भेद आणूच नये. मतदान झालं. मी ठरावाच्या विरोधात हात वर केला. का केला? साडूच्या घरी बसून, साडूची भजी खात, साडूच्या विरोधात हात वर करायचा कसा, एवढाच विचार केला. तीन विरुद्ध एक. मॅडमना हरल्याचं काही वाटलं नाही. "माहा विरोध नोंदवा," म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी सहीसाठी वही त्यांच्यापुढे आली. त्यांनी पेन काढलं, वाचलं, परत वाचलं. साडभाऊंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ठराव सर्वानुमते नामंजूर.' तीस वर्षं प्रत्येक ठरावापुढे 'सर्वानुमते' लिहिलेला हात, तो त्याच्या वळणानं गेला होता.

"ह्याच्यात मी कुठी आहो?" मॅडमनी विचारलं.

साडभाऊ गोरेमोरे झाले. "सवय जी. हात तसाच चालते."

"तेच सांगून राह्यली होती मी. त्या यान लिहिनारायचाही हात तसाच चालला असंन."

त्यांनी पेनला टोपण लावलं, पर्समध्ये ठेवलं आणि उठल्या. ताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येईपर्यंत त्या फाटकाबाहेर होत्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. साडभाऊ दर आठवड्याला नाचणगावला स्वतः सूचना नेऊन देतात. मॅडम दारात येतात, पोच म्हणून सही करतात आणि दार लावतात. माफी मागायला साडभाऊंच्या जिभेला जमत नाही. ते विषयपत्रिकेत पहिला विषय टाकतात : 'मागील इतिवृत्तातील चूक दुरुस्त करणे.' मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

मग मी एक काम केलं. आयुष्यात प्रथमच यान पाहायला बसलो. तो चौथा भाग पाहिला. ती बाई मरते आणि पुढची दहा मिनिटं कप्तान खिडकीशी उभा राहून स्वतःचंच दुःख करतो. तिचं नावसुद्धा कोणी घेत नाही. मला माझ्या वर केलेल्या हाताची लाज वाटली. रविवारी मी साडभाऊंना सांगितलं, "मॅडमचं बरोबर होतं. माझं मत बदलून लिहा."

 ते म्हणाले, "माह्यंही."

"मग काढा वही."

"गणपूर्ती नाई."

सभासद चार आणि गणपूर्तीही चारची, हा नियम त्यांनीच केलेला. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्यांत घ्यायची, हेही त्यांनीच मला शंभरदा शिकवलेलं. अर्धा तास होऊन गेला होता. कृषी केंद्रवाला घड्याळ दाखवत म्हणाला, "आता घेता येते भाऊ, नियमात बसते."

"बसते," साडभाऊ म्हणाले. "पन आपन तिघंच असलो का सारं सर्वानुमतेच होते जी."

त्यांनी वही उघडली नाही. मोबाईलमध्ये यानाचे नवे सहा भाग येऊन पडले आहेत, तेही उघडलेले नाहीत. आता दर रविवारी आम्ही तिघं चार वाजता बसतो. अर्धा तास वाट पाहतो, आणि तो संपला की साडभाऊ फाटकाकडे बघत सभा आणखी अर्ध्या तासासाठी तहकूब करतात.