‘रडणाऱ्या बायका’ असं लिहिलेलं खोकं

कपडेपटात काम केलं की सेफ्टी पिना हरवतात आणि किस्से साठतात. माझ्याकडे पिना आता चारच उरल्यात!

इथे आखातात, अल क्वोजच्या एका गोडाउनमधून मी परदेशी सिनेमांना कपडे पुरवते. युनिट्स येतात वाळवंटासाठी. गोष्ट कुठल्याही देशातली असो, एक खोकं हमखास जातं. त्यावर मार्करनं लिहिलंय, ‘रडणाऱ्या बायका’. आत नुसते काळे स्कार्फ! एकदा मी कोऑर्डिनेटरला विचारलं, "हसणाऱ्या बायकांचं खोकं करू का?"

"मॅडम, स्क्रिप्टमध्ये एखादी आली की सांगतो, इन्शाल्ला."

सात वर्षं झाली. अजून सांगतोय!

*

संतोष चिपळूणचा, सेटवर सुतारकाम करतो. दाढी दाट, म्हणून दरवेळी अतिरेकी तोच. एका सिनेमात तर दोनदा मेला, एकदा पांढऱ्या मुंडाशात, एकदा काळ्या! गावाहून आईचा फोन आला, "दोनदा मेलास ते असू दे रे. पण अनवाणी कशाला धावत होतास? काटा मोडला असता म्हणजे?"

*

मग ‘डायव्हर्सिटी’ची फॅशन आली. व्हीलचेअरवरचा शास्त्रज्ञ हवा, म्हणून लंडनहून धडधाकट नट आणला. लंच झालं की हा उठून बिर्याणीच्या लाइनीत! आमचा स्टोअरकीपर जोसेफ पंधरा वर्षं खरोखर व्हीलचेअरवर आहे. तो लांबून बघत होता. म्हणाला, "मला घेतलं असतं तर निदान खुर्ची तरी नीट वळली असती."

*

माझी मैत्रीण निशाताई अल ऐनच्या एका हॉस्पिटलात आयसीयूची सिनियर नर्स. सुट्टीच्या दिवशी हौसेनं एक्स्ट्रा म्हणून यायच्या. पहिल्याच दिवशी असिस्टंट म्हणाला, "चष्मा काढा. फार शिकलेल्या दिसता!"

काढला. आता मेलेल्या मुलावर पडून रडायचं होतं. दिसतंय कुणाला? त्या जाऊन पडल्या संतोषवर, म्हणजे अतिरेक्यावर! तो पुटपुटला, "ताई, तुमचा मुलगा पलीकडे!" तेवढ्यात डायरेक्टर ओरडला, "ब्युटिफुल!" खलास. शॉट ओके.

*

निशाताईंची सई पंधरा वर्षांची. घरी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच. एक दिवस आईचा सिनेमा बघून म्हणाली, "आई, यू आर ऑल्वेज क्रायिंग. माय फ्रेंड्स लाफ."

निशाताईंना ते फार लागलं. "बस, आता शेवटचा एक सिनेमा," म्हणाल्या. मलाही वाईट वाटलं. खोकं माझंच ना!

त्या शेवटच्या शूटिंगला एक गोरा पोरगा जखमी सैनिक होऊन स्ट्रेचरवर पडलेला. ऊन मरणाचं. डॉक्टर झालेली नटी त्याच्याशेजारी उभी राहून लांबलचक डायलॉग म्हणतेय, मागे आमच्या बायका रडतायत. पोरगा पांढराफटक पडला. सगळे म्हणाले, काय अॅक्टिंग आहे!

निशाताईंनी बाहीत लपवलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, स्कार्फ भिरकावला आणि नटीला बाजूला सारलं. "मूव्ह! पाय वर घ्या त्याचे! ओलं फडकं आणा, यल्ला, लवकर!" कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. तिसऱ्या मिनिटाला पोरानं डोळे उघडले. हुश्श! माझ्या जिवात जीव आला.

पण घरी हे ऐकून सई म्हणाली, "दे विल कट इट, आई."

सिनेमा आला तेव्हा अल ऐनच्या थिएटरात आम्ही चौघं होतो, त्या दोघी, संतोष आणि मी. तो सीन जवळ आला तशी निशाताईंनी माझा हात घट्ट धरला. आणि आला की हो सीन, चष्म्यासकट, अख्खाच्या अख्खा! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! संतोषनं तर शिट्टीच मारली.

शेवटी नावं सुरू झाली. आम्ही उठलो नाही. बऱ्याच खाली निशाताईंचं नाव आलं आणि समोर लिहिलेलं, ‘क्रायिंग वुमन थ्री’.

सई ताडकन उभी राहिली आणि भर थिएटरात, चक्क मराठीत ओरडली, "अहो, पण आई रडली कुठे?"