संत्र्याच्या पेटीची पट्टी

भुताखेतांशी माझा करार साधा होता. त्यांनी आधी ओळख द्यावी, मग मी नमस्कार करीन. लहानपणी सौसरला स्मशानाजवळच्या चिंचेखाली कुणी फिरकत नसे, म्हणून तिथल्या चिंचा सगळ्या मीच खाल्ल्या. झालं काय, तर खोकला. पुढे शिक्षक झालो, मुलांना विज्ञानही शिकवलं (वाईट शिकवलं, पण शिकवलं), आणि अंगात येणाऱ्या बायांना लिंबाचा भाव विचारून चिडवण्याचा नादही बरीच वर्षं पुरला. तेव्हा पुढचं वाचून हसावंसं वाटलं तर खुशाल हसा. मी तुमच्या जागी असतो तर हसलो असतो.

राज्यांची फेररचना झाली ते वर्ष. आम्ही पांढुर्णा-सौसरचे लोक जागचे हललो नाही, आमची राजधानीच नागपूरहून उठून भोपाळला गेली. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि बाजारात दोन्हीची खिचडी. मी तेवीस वर्षांचा, पांढुर्ण्याच्या एका मिशनच्या शाळेत मराठीचा मास्तर. नुकतीच ठेवलेली मिशी हीच काय ती माझी मिळकत.

शाळेची लायब्ररी सिस्टर आग्नेसकडे होती. बाई मंगळूरकडच्या. विसाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी शिकल्या त्या गुजरीतल्या, म्हणजे भाजीबाजारातल्या, संत्रेवाल्यांकडून. त्यामुळे पांढरा झगा, गळ्यात क्रूस, आणि तोंडात ठसठशीत वऱ्हाडी. "का करून राहिले मास्तर?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण बोललं म्हणून. उंची बेताची. वरच्या फळीसाठी स्टूल लागे, आणि स्टुलावर चढताना त्या येशूचं नाव घेत. फाटकी पुस्तकं स्वतः शिवत. मैद्याची खळ, तीत मोरचूद, कीड लागू नये म्हणून. लायब्ररीत शिरलं की त्या खळीचा आणि संत्र्याचा मिळून एक वास येई. अजूनही कधी संत्रं सोलताना मला आधी पुस्तकं आठवतात, मग तोंडाला पाणी सुटतं.

संत्र्याचा वास यायला कारण होतं. सिस्टर रजिस्टर ठेवत नसत. संत्र्याच्या फुटक्या पेट्यांच्या फळ्या आणून त्यांच्या फूटपट्टीएवढ्या पातळ पट्ट्या काढून घेत. पुस्तक अलमारीतून गेलं की त्याच्या जागी पट्टी उभी. तिच्यावर शाईनं नेणाऱ्याचं नाव. पुस्तक आलं की पट्टी निघाली.

आणि खरी गंमत पुढेच. पुस्तक दप्तरात घालून न्यायची मुलगी, पण पट्टीवर नाव तिच्या आईचं. अमक्याची आई नाही, तमक्याची बायको नाही — यमुना, सखू, अनसूया. मी एकदा शहाणपणानं नियम दाखवला, तर म्हणाल्या, "पोरगी नेते मास्तर, वाचते माय. जो वाचते त्याचं नाव." तिगाव, मोहगाव, लोधीखेडा... जिथून मुली येत तिथल्या सगळ्या माया त्या अलमारीत नावानिशी उभ्या होत्या. त्यातल्या कित्येकींना घरी नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात सिस्टरच्या पोटात दुखायला लागलं आणि त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं. त्याच सुमारास कळलं की तपासणीचे साहेब सोमवारी येणार. मराठीची अलमारी वापरात असेल तर राहील, पडून असेल तर पुस्तकं बांधून मिशनच्या नागपूरकडच्या दुसऱ्या शाळेत जातील. टांग्यात बसता बसता सिस्टरनी मला बजावलं, "मास्तर, अलमारीला हात लावू नका. जशी आहे तशी राहू द्या."

आता मला हात लावू नका म्हणणं म्हणजे...

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी अलमारी उघडली. अर्ध्या जागी पुस्तकं, अर्ध्या जागी पट्ट्या. दात पडलेल्या म्हाताऱ्याचं तोंड दिसावं तशी. म्हटलं, साहेबाला हे दाखवायचं? सिस्टर बिचाऱ्या आजारी, आपण मदत करू. सगळ्या पट्ट्या उपटल्या. पुस्तकं सरकवून एका ओळीत गच्च बसवली, उरल्या जागेत नकाशे आणि नवी हिंदी वाचनमाला भरली. अलमारी अशी देखणी दिसली की मी दोनदा मागे सरून पाहिली.

पट्ट्या झोळीत भरून खोलीवर आणल्या. थंडी होती, बंबाला जळण हवंच होतं. त्यांत माझ्या नावाचीही एक पट्टी निघाली — एक कादंबरी मी नेली होती, उशाखाली पडून होती. टाकण्याआधी लहर आली. दौत उघडून माझ्या नावाखाली एक चेहरा काढला आणि त्याला झुपकेदार मिशी. मग तीही बंबात. मिशीलाच आधी जाळ लागला, हे मी उकिडवा बसून या डोळ्यांनी पाहिलं. खोलीभर संत्र्याचा गोड वास सुटला. पाणी कढत झालं आणि मी गाणं म्हणत अंघोळ केली.

रविवारी सकाळी कौतुक ऐकायला मदरकडे गेलो. मदर म्हणजे शाळेच्या मुख्य. त्यांनी अलमारी पाहिली आणि खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. सिस्टरनी साहेबांना आधीच कळवलं होतं म्हणे, की पुस्तकं अलमारीत कमी दिसतील, कारण ती वाचली जात आहेत. पट्ट्या मोजा. आता साहेबाला दिसणार होती एक गच्च, नीटनेटकी, कुणीही हात न लावलेली अलमारी. बावीस वर्षांचं काम मी अंघोळीच्या पाण्याला लावलं होतं.

दिवसभर कागद घेऊन नावं आठवत बसलो. पाच आठवली. तीही चुकीची असावीत. सिस्टरना काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार. आणि तोंडावर ती मिशी... संध्याकाळी काढून टाकली.

सोमवारी साहेब दहाला आले. धोतर, काळा कोट, माणूस सभ्य. अलमारी पाहिली, एक पुस्तक काढलं, त्यावर धूळ नाही हे बघूनही बोट उगाच झटकलं आणि लिहायला बसले. मी दाराशी. मदर माळ ओढत होत्या.

तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या.

तिगावहून यमुनाबाई आल्या होत्या, सकाळच्या पॅसेंजरनं. डोक्यावर पदर, काखेत पुस्तक. शाळेची पायरी त्या माउलीनं त्याआधी कधी चढली नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाल्या,

"मास्तर, हे पट्टी आमच्या पुस्तकात कशी आली? पोरगी म्हणे ते इथं अलमारीत राहते. काल दुपारी पुस्तक उघडलं तं आत हे. मले वाटलं सिस्टरनं बलावणं धाडलं."

संत्र्याच्या पेटीची पातळ पट्टी. शाईनं लिहिलेलं, यमुना. सिस्टरचा तो वळणदार 'य'. मी ती हातात धरून दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली.

मागोमाग मोहगावच्या दोघी बैलबंडीतून उतरल्या. मग सौसरच्या बसनं लोधीखेड्याची एक. मग गावातल्या... अकरापर्यंत व्हरांडा भरला. कुणी तान्हं पोर घेऊन, कुणी हाताला पीठ तसंच. प्रत्येकीच्या हातात पुस्तक, पुस्तकात पट्टी, पट्टीवर तिचं नाव. सगळ्यांचं म्हणणं एकच, काल दुपारी सापडली.

साहेबांनी चष्मा काढला. यमुनाबाईंना हिंदीत विचारलं, हे तुम्ही स्वतः वाचता का?

"वाचतो नाही तं का बंबात घालतो?"

व्हरांड्यातल्या सगळ्या हसल्या. साहेबही हसले. हसलो नाही तो मी. बाईनं सहज म्हटलं होतं, यावर माझा विश्वास आहे. बहुधा.

साहेबांनी एकेकीचं नाव विचारून लिहून घेतलं आणि शेरा मारला — मराठी अलमारी वापरात, इथेच राहावी. ते गेले तसा मी खोलीकडे धावत सुटलो. उशाखालची कादंबरी काढली. मधल्या पानांत पट्टी. माझं नाव, खाली चेहरा, झुपकेदार मिशी. कुठे जळाल्याची खूण नाही. वास संत्र्याचा.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टरनी दोन-दोन पट्ट्या केल्या असतील. मीही तेच म्हटलं असतं. पण मिशी? ती मी शनिवारी काढली, दार लावून, आणि पाच मिनिटांत जाळली. बंबाची राखसुद्धा मी चाळून पाहिली. पेटीचा एक खिळा सापडला, बस.

तीन आठवड्यांनी सिस्टर परतल्या, अर्ध्या झालेल्या. मी सगळं कबूल केलं. त्या खळ ढवळत ऐकत होत्या. शेवटी मी विचारलं, हे तुम्ही कसं केलं?

"मी का करतो मास्तर? त्या दिवशी माह्या पोटाला टाके घालून राहिले होते." मग त्यांनी माझी पट्टी हातात घेतली, बोट ओलं करून मिशी पुसून पाहिली. पुसली गेली नाही. "शनिवारी वॉर्डात संत्र्याचा लई वास सुटला होता. नर्सला म्हटलं, कोण जाळून राहिलं? ते म्हणे, काहीच नाही." एवढं बोलून त्या स्टुलावर चढल्या, येशूचं नाव घेतलं आणि पट्टी वरच्या फळीवर जागेवर उभी केली. "पुस्तक आणून द्या. तवर तुमचं नाव उभं राहील."

पुस्तक मी उद्या-परवा आणतो म्हणत राहिलो. पुढे माझी बदली झाली. सिस्टर त्यानंतरही बरीच वर्षं त्या स्टुलावर चढत राहिल्या, आणि एका हिवाळ्यात गेल्या. मातीला तिगावहून यमुनाबाई आल्या होत्या, पार वाकलेल्या. कबरीपाशी उभं राहून मला म्हणाल्या, "मले नावानं हाक मारणारी हेच एक होती."

गेल्या वर्षी शाळेत जाऊन आलो. अलमारी आहे, वाचणारी मुलं कमी. नवी लायब्ररीवाली पोरगी हसत म्हणाली, सर, वरच्या फळीवर एक मिशीवाली पट्टी आहे, फेकवत नाही. कुणाची आहे?

मी म्हटलं, माहीत नाही. जन्मभर खोटं बोललो, त्यात एक आणखी.

कादंबरी माझ्या उशाशीच आहे. दोनदा पिशवीत घालून बसस्टँडपर्यंत गेलो आणि परतलो. पुस्तक दिलं की पट्टी काढावी लागेल, आणि त्या शाईतलं माझं नाव त्या अलमारीत उभं आहे ते सिस्टरनी स्वतः उभं केलेलं. पट्ट्या कशा परत आल्या, कुणी पोचवल्या, मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळलेलं नाही. बायको म्हणते, देऊन टाका एकदाचं, म्हातारपणी चोरीचं पुस्तक घरात कशाला.

तिला कसं सांगू, मी ते चोरलेलं नाही. माझ्या नावावर आहे.