लक्ष्मीबाई नगरातली गोदी

सरकारी क्वार्टरमध्ये वीस वर्षं काढली की किस्से जुन्या फायलींसारखे साचतात. टाकवत मात्र नाहीत. हे किस्से दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या वानखेडेसाहेबांच्या घरातले. त्यांच्या नितीनला मानेसरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पहिल्या वर्षीच त्याने कॉम्प्युटर घेतला. त्यात आरमाराचा एक गेम होता. रविवारी नितीन झोपायचा आणि गेम आम्ही खेळायचो: साहेब आणि त्यांच्या ऑफिसातले आम्ही दोघं, शेख आणि मी. समुद्र तिघांपैकी कुणीच पाहिला नव्हता!

*

गोदीत जहाजं बांधायची, मग लढायचं. एक टर्न म्हणजे गेममधला एक महिना. शेख ऑफिसात इमारतींची कामं बघायचा. त्याने पहिल्याच दिवशी चारही गोद्यांत चार सांगाडे उभे केले. पोलाद चारही सांगाड्यांत वाटलं गेलं, पुरं एकही जहाज होईना. शत्रू दारात आला तेव्हा मी विचारलं, "आपलं आरमार कुठंय?"

शेख म्हणाला, "प्रगतिपथावर."

*

एकदा स्क्रीनवर प्रश्न आला, बांधकाम रद्द करायचं का? साहेब म्हणाले, "असं एकदम कसं सांगणार? आधी तिघांचं मत लेखी घेऊ."

घेतलं. तिघांनीही लिहिलं होतं, 'चर्चा करावी.'

*

साहेबांना बांधायला आवडे, लढायला नाही. एक जहाज बुडालं तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग लढाई आली की साहेब आपलं जहाज दुरुस्तीला टाकायचे.

"अहो, याला ओरखडासुद्धा नाहीये," मी म्हणालो.

"म्हणूनच."

*

वहिनींना या सगळ्याचा राग. "लोकांचे नवरे रविवारी बायकोला करोल बागेत नेतात," चहा ठेवत त्या म्हणायच्या. "आमचे गोदीत जातात."

*

साहेब रिटायर व्हायला आले तेव्हा त्यांनी सगळ्यात मोठी युद्धनौका बांधायला घेतली. साहेब आणि वहिनी गावी भंडाऱ्याला जाणार होते, कॉम्प्युटर नितीनच्या गुडगावच्या खोलीवर. म्हणजे खेळ संपला. साहेब म्हणाले, "यार, नोकरीभर फायली खालून आल्या, वर गेल्या. माझ्या हातून पुरं असं काही झालंच नाही. हे एक तरी होऊ दे." मला फार वाईट वाटलं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

क्वार्टर सोडायच्या सकाळी ती पुरी व्हायला एक टर्न बाकी होता. तो कॉम्प्युटर एका टर्नला चहा पिऊन यावं इतका वेळ घ्यायचा. कपाट, गाद्या, भांडी, सगळं खाली ट्रकमध्ये गेलं. रिकाम्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि उभ्याने स्क्रीन बघणारे साहेब.

ट्रकवाला वर आला. "आंटीजी, बस यही बचा है. उठा लें?"

वहिनी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"रुको भैया," त्या म्हणाल्या. "हमारा जहाज अभी पानी में नहीं उतरा."